गावठाणाचे आकाशचित्र आणि त्याचा सामाईक खर्च

गावठाणाचा नकाशा वेळेवर झाला नाही म्हणजे काय अडचण येते, हे मुंबई उपनगरातील जुन्या गावांकडे पाहिले असता ध्यानात येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या बाजूची बहुतेक खेडी १९५० व १९५७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आज उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायत नाही आणि जिल्हा परिषदही नाही. जुनी घरे, अंगणे व विहिरी मात्र कित्येक ठिकाणी जागच्या जागी राहिल्या आणि भोवतालच्या जमिनीचा भाव चढत गेला. अशा ठिकाणी ज्याच्या अंगणाची हद्द कागदावर नाही, त्याला ती साक्षीदारांच्या तोंडून सिद्ध करावी लागते. आणि साक्षीदार काही कायमचे नसतात. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी म्हणून हे काम आधीच उरकून घ्यावे.

पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ग्रामीण वस्त्यांसाठी ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. तीत ड्रोन उडवून नकाशा काढण्याचे काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे, मालकीची चौकशी व मिळकत पत्रिका भूमि अभिलेख विभागाकडे, तर ग्रामसभा, दवंडी आणि हद्दीवर चुन्याची आखणी हे ग्रामपंचायतीकडे सोपविलेले आहे. सनदेचे शुल्क धारक भरतो. नकाशाचे प्रमाण १:५०० असते, म्हणजे जमिनीवरील ५ मीटर कागदावर १ सेंटिमीटर होतात.

आकाशचित्राच्या खर्चाचा बराच भाग यंत्र व माणसे जागेवर आणण्यात आणि परवानग्या मिळविण्यात जातो. शेजारचे क्षेत्र त्याच फेरीत घेतले तर हा खर्च विभागला जातो. शिवाय चित्राला कचेऱ्यांच्या हद्दी ठाऊक नसतात. मुलुंडचा पूर्वीचा जकात नाका ओलांडला की ठाणे महानगरपालिका लागते, आणि मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. एकाच चित्रावरून पालिकांना नाले, वनविभागाला जंगलाची कड आणि नगर भूमापन कार्यालयाला घरे पाहता येतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या आदेशानंतर कांदळवनांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने तयार केले. ते महसूल व वन या दोन्ही खात्यांच्या उपयोगी पडले.

वर्गणी क्षेत्रफळावर बसविणे सोपे खरे, पण आमच्या मते ते नेहमी न्याय्य नसते. जंगल विस्तीर्ण असते, तेथे फार बारकावा लागत नाही. गावठाण लहान असते, पण तेथे भिंत न् भिंत स्पष्ट दिसावी लागते. तेव्हा क्षेत्र आणि बारकावा या दोहोंचा विचार करून वाटा ठरवावा. मूळ चित्रे कोणी जपावयाची, प्रती कोणाला द्यावयाच्या आणि पुढील मोजणीचा भार कोणी उचलावयाचा, हेही लेखी ठरवून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी एक प्रत राहिलीच पाहिजे; पैसे भरून स्वतःचाच नकाशा मागत फिरण्याची पाळी येऊ नये.

आकाशचित्राची एक मर्यादा ग्रामसेवकांनी विसरू नये. वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. कोकणात पागोळ्या भिंतीपासून पुष्कळ पुढे येतात, आणि वळचणीच्या त्या हातभर पट्टीवरूनच शेजाऱ्यांत तंटे होतात. आंब्या-फणसाच्या सावलीत तर गडगाही लपतो. अशा प्रत्येक ठिकाणी दोन्ही शेजाऱ्यांना उभे करून टेपने मोजावे व ते माप नकाशावर चढवावे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद घरपट्टीपुरती असते. तिच्यावरून हद्द ठरवू नये. चुन्याच्या रेषा पावसात टिकत नाहीत व गुरांच्या पायांखालीही पुसतात. यास्तव उड्डाणाची तारीख उघडिपीत घ्यावी आणि आखणी आदल्या दिवशीच करावी.