कूप तुटल्यानंतरचे सरपण

भंडारा जिल्ह्याच्या पानझडी जंगलात साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि मोह ही झाडे आढळतात. वनविभाग आणि वनविकास महामंडळ आखून दिलेल्या भागात तोड किंवा सागाच्या रोपवनांची विरळणी करतात. तोडीच्या अशा भागाला कूप म्हणतात.

झाड पडले की त्याची वाटणी होते. सरळ खोड इमारती लाकूड म्हणून डेपोत जाते. वाकड्या, जाड फांद्यांचे तुकडे रचून जळाऊ बिट लावले जातात. मागे उरतात त्या शेंड्याच्या डहाळ्या, ढलप्या, साल आणि खुंट. लिलावात किंमत नसलेल्या या काडीकचऱ्यावर गरिबाची चूल पेटते.

मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीसारख्या महसूल पद्धतीच्या, काळापासून पूर्व विदर्भात निस्ताराची पद्धत आहे. जंगलालगतच्या गावांना घरच्या गरजेपुरते सरपण, बांबू, गवत मिळावे, हा तिचा अर्थ. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला सामूहिक हक्कांत स्थान दिले. झुडपी लाकूड आणि खुंट यांची गणना गौण वनोपजात केली. कोका अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात मात्र नियम कडक आहेत. तिथे वाघ-बिबट्याचाही धोका असतो.

सरपण वेचण्याचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी, आणि पुढे कित्येक किलोमीटरची पायपीट. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते उडून जाण्यातच बरीच उष्णता खर्च होते आणि धूर वाढतो. म्हणून डहाळ्या उन्हात वाळवून पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचतात. धावड्यासारखे जड लाकूड सावकाश जळते व निखारा धरते. बारीक काड्या जाळ धरायला उपयोगी पडतात.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका मोठा असतो. कुपात पसरलेल्या वाळक्या फांद्या आगीला खाद्य पुरवतात, म्हणून त्या वेळेत उचलणे जंगलाच्याही हिताचे. पण सारेच झाडून नेणे घातक आहे. पाने, साल आणि कोवळ्या डहाळ्या कुजून मातीला कस देतात. पडलेल्या लाकडात बुरशी, किडे, सरडे यांचा आसरा असतो. सागाच्या खुंटाला नवे फुटवे येतात. तो उपटला तर उद्याचे झाड जाते आणि माती सैल होऊन वाहते.

म्हणून वाळक्या फांद्या चुलीला, पालापाचोळा मातीला आणि जिवंत खुंट जंगलाला, हीच न्याय्य वाटणी आहे.