मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह (शास्त्रीय नाव: मधुका लाँगिफोलिया) या वृक्षाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने तयार केले जाणारे मद्य आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड, माडिया आदी आदिवासी समाजांत देवपूजा, लग्न व मृत्यूनंतरचे विधी यांत तिला स्थान आहे.

निर्मिती

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचून वाळवतात. ती काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात आणि मग भट्टीवर उकळून वाफ थंड करतात. प्रथम मिळणाऱ्या तीव्र मद्यास 'पहिल्या धारेची' म्हणतात. सिंगल माल्ट व्हिस्कीसाठी बार्लीला मोड आणून तिच्यातील पिष्टाची साखर करावी लागते. मोहफुलात मात्र साखर मुळातच असते.

प्रदेश आणि विक्री

स्कॉच व्हिस्की ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवावी लागते. स्पेसाइड, आयला अशी प्रदेशनावे कायद्याने संरक्षित असून विक्रीत त्यांचा मोठा वाटा असतो. भारतात गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' ठरवून आदिवासी बचत गटांमार्फत तिचे उत्पादन सुरू केले. अलीराजपूरची 'मोंड' व दिंडोरीची 'मोहुलो' ही त्याची उदाहरणे होत. महाराष्ट्रात डहाणू येथील एका कारखान्यात 'सिक्स ब्रदर्स महुरा' हे मोहाचे मद्य तयार होते.

चंद्रपूर-गडचिरोलीतील स्थिती

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती 1 एप्रिल 2015 रोजी लागू झाली व 2021 मध्ये उठवण्यात आली. त्यामुळे मोहाची जंगले असूनही गडचिरोलीत या मद्याला अधिकृत बाजार नाही. विनापरवाना गाळलेली दारू 'हातभट्टीची' म्हणून गुन्ह्यास पात्र ठरते. मोहफूल हे गौण वनोपज असून 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी, तसेच मादक पदार्थांवर बंदी अथवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे.

या प्रश्नावर दोन भूमिका आढळतात. व्यसनामुळे होणारी कौटुंबिक व आर्थिक हानी पाहता दारूबंदी कायम राहावी, असे बंदीचे समर्थक मानतात. गडचिरोलीतील बंदीमागे महिलांच्या सहभागाचे मोठे आंदोलन होते. दुसऱ्या मतानुसार, फूल वेचणाऱ्याला केवळ कच्च्या मालाचा भाव मिळतो आणि प्रदेशाच्या नावाने मिळणारा वाढीव मोबदला अन्यत्रच्या उत्पादकांकडे जातो. लाडू, सरबत व मुरंबा यांसारखे मोहफुलांचे मद्यविरहित पदार्थ हा यांतील एक मध्यममार्ग मानला जातो.