उशिरा पेरलेली तूर बुटकी का राहते? दिवस आणि तापमान वेगळं कसं काढायचं

परळीच्या शिवारात जूनमध्ये पेरलेली तूर माणसाच्या उंचीला येते. पाऊस लांबला आणि तोच वाण जुलैअखेर पेरला, की झाड पुरतं वाढण्याआधीच फुलोऱ्यात येतं. शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून उशिराच्या पेरणीत तो अंतर कमी ठेवतो. तुमचा प्रश्न वेगळा: झाडाला कळतं कसं?

तूर ही लहान दिवसाची वनस्पती. परळीत जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरअखेर अकराचा. खरं तर झाडाचं लक्ष रात्रीवर असतं. पानातलं फायटोक्रोम हे प्रथिन लाल प्रकाशात सक्रिय होतं, अंधारात हळूहळू निष्क्रिय होतं, आणि पेशीतलं जैविक घड्याळ त्याच्याशी मेळ घालतं. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन हिरवंगार राहतं आणि उशिरा पिकतं, ते याच कारणाने. २०१६ मध्ये केंब्रिज आणि अर्जेंटिनातल्या गटांनी दाखवलं की उबदार रात्री हे निष्क्रिय होणं जोरात चालतं. म्हणजे एकच रेणू उजेडही ओळखतो आणि ऊबही! पण ते काम अराबिडॉप्सिसवरचं आहे, तुरीला डोळे झाकून लावू नका.

आता गोम बघा. गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये सोयाबीनच्या पेरण्या टप्प्याटप्प्याने करून दिवसाच्या लांबीचा मुद्दा पुढे आणला. आपल्याकडेही एम.एस्सी.ला 'पेरणीच्या चार तारखा' हा आवडता प्रयोग. पण तारीख पुढे सरकली की दिवसही लहान होतो आणि रात्रीही गार होतात. फुलोरा लवकर आला, तर श्रेय कुणाला? नुसत्या तारखांवरून हे सांगता येत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं इथेच अडकायला होतं.

इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी केनियात यावर सुंदर तोड काढली. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास सारखाच. मग किनाऱ्यावरच्या म्त्वापापासून सुमारे १८०० मीटर उंचीवरच्या काबेटेपर्यंत तेच वाण लावले: उंचीने तापमान बदललं, आणि दिवस वाढवायला दिवे लावले. उशिरा येणाऱ्या वाणांना फुलायला लवकर येणाऱ्यांपेक्षा थंड हवा मानवते, हे त्यातूनच दिसलं. आपल्याकडचे बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ यांच्या पक्वतेत महिनाभराचं अंतर आहे. तुलनेला जोडी चांगली.

आपल्याला केनिया नको. एकाच दिवशी पेरा, अर्ध्या वाफ्यांवर संध्याकाळी मंद दिवे लावा. उजेड इतका कमी हवा की प्रकाशसंश्लेषण नगण्य राहील, पण फायटोक्रोमला पुरेल. दोन्हीकडे तापमापक ठेवाच, कारण बल्ब गरम होतो. शेजारच्या वाफ्यावर उजेड सांडू देऊ नका. आणि एका दिव्याखालची चाळीस झाडं म्हणजे चाळीस पुनरावृत्त्या नव्हेत, ती एकच. दिवा वाफ्याला लावलाय, झाडाला नाही. वाफे किती लागतील आणि वीज किती तास मिळेल, हे प्रस्ताव लिहिण्याआधी मोजा.