काळ्या मातीत अननस?

अननस चिरला की शेंड्याचा तुरा कुंडीत खोचायचा, हा प्रयोग सुरतेत गच्चीवर बाग करणाऱ्यांना नवा नाही. तुरा मूळ धरतो, पण पुढे पाने पिवळी पडू लागतात. मग कुणी सांगते, ‘जिवाणू खत घाला!’ त्याआधी कुंडीतली माती पाहावी.

अननसाला हलकी, निचऱ्याची, आम्ल माती मानवते; सामू ४.५ ते ६ च्या दरम्यान. तापीकाठची काळी माती चिकण आणि बहुधा विम्लधर्मी. अशा मातीत लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही, म्हणून पाने पिवळी. कोकणातल्या तांबड्या जमिनीत, नारळाच्या सावलीत हेच झाड मजेत वाढते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडतात खरी. पण त्यांचा पल्ला मुळांभोवतीच्या पातळ थरापुरता. अख्ख्या कुंडीचा सामू ते बदलू शकत नाहीत. तेव्हा तांबडी माती, पालापाचोळ्याचे खत आणि नारळाचा भुसा, ही तयारी आपलीच.

त्यानंतर जिवाणूंचे काम सुरू होते. अॅझोस्पिरिलम हवेतला नत्र पकडतो. आम्ल मातीत लोह आणि अॅल्युमिनियमने जखडलेला स्फुरद दुसरे जिवाणू सोडवतात. पण अननसाची मोठी भूक पालाशची, आणि पालाश हवेत नसतो. जिवाणू तो खनिजांतून मोकळा करतील, निर्माण करणार नाहीत. ते कामकरी आहेत. शिधा आपणच पुरवायचा.

तो शिधा दक्षिण गुजरातच्या केळीबागांतच आहे. केळीचा बुंधा एकदाच घड देतो. नंतर तो शेताबाहेर काढणे हा शेतकऱ्याला खर्चच. नवसारी कृषी विद्यापीठाने या बुंध्याच्या पालाशयुक्त रसापासून सेंद्रिय द्रवखत तयार केले. बुंध्याचे तुकडे कंपोस्टात कुजवले, तरी त्यांतला पालाश मातीत परततो.

लावणीपूर्वी तुरा दोन-तीन दिवस सावलीत सुकवावा, मग बुडखा जिवाणूंच्या पाण्यात बुडवून लावावा. रासायनिक बुरशीनाशक सोबत नको. भुकटीच्या जिवाणू खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा सरकारी नियम आहे. म्हणून पिशवीवरची मुदत वाचा आणि दुकानात ती कुठे ठेवली होती तेही बघा. उन्हात तापलेल्या पिशवीतून घरी येते ती नुसती भुकटी.