वाकलेला गुडघा, आखडलेला गुडघा

संधिवाताने झिजलेले गुडघे आपल्याकडे बहुधा धनुष्यासारखे बाहेर वाकतात. आतल्या बाजूचे अस्थिबंध आखडतात, बाहेरचे सैल पडतात. त्यामुळे हाड कापून धातूची टोपी बसवणे हा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा सोपा भाग. कस लागतो तो दोन्ही बाजूंचा ताण सारखा करताना. हाड फारच खचले असेल, तर धातूचे तुकडे भरून उंची साधतात आणि पोकळीत लांब दांडा बसवतात. अस्थिबंध निकामी असतील, तर बिजागरीचा सांधा लागतो.

उलट, गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील आणि सरळही होत नसतील, तर धोका वेगळा. पाय सरळ करताना बाहेरच्या बाजूची नस ताणली जाते आणि पाऊल लुळे पडू शकते. म्हणून भूल उतरताच डॉक्टर आधी पाऊल वर उचलायला सांगतात.

ताठ गुडघ्याबाबत अपेक्षा बेताचीच ठेवावी. आधी जितका वाकतो, त्यावरच नंतरचे वाकणे बरेचसे ठरते. सपाट चालण्याला साधारण ६५ अंश पुरतात, खुर्चीतून उठायला ९० च्या पुढे लागतात. मांडी घालणे विसरा. वेदना थांबून पाय सरळ झाला, हीच मोठी कमाई.

खर्चाबाबत : ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, जीएसटी वेगळा. रुग्णालयाचे बिल मात्र त्या मर्यादेत येत नाही.