लंडनचे वार्तापत्र : ‘क्लेव्हर’ ही शाबासकी नव्हे

मार्च १९६१. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड सॉल्झबरी उठले आणि वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांच्यावर तुटून पडले. दोघेही हुजूर पक्षाचेच. आफ्रिकेतल्या वसाहतींची सत्ता तिथल्या बहुसंख्य काळ्या जनतेकडे जावी या दिशेनं मॅक्लाउड पावलं टाकत होते, आणि यात गोऱ्या वसाहतवाल्यांना चकवलं जातंय असा सॉल्झबरींचा आक्षेप होता. त्यांनी मॅक्लाउडना ठरवलं ‘टू क्लेव्हर बाय हाफ’. आपल्या ‘दीडशहाण्या’चाच हा हिशेब. मॅक्लाउड ब्रिजचे पट्टीचे खेळाडू होते. सॉल्झबरींनी तेही त्यांच्याविरुद्ध वापरलं. आजही मॅक्लाउड यांचं नाव निघालं की हे चार शब्द निघतात.

इथे येणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट उशिरा उमगते. ‘क्लेव्हर’ म्हणजे हुशार, एवढंच आपण शाळेत पाठ केलेलं असतं. युक्ती, यंत्र किंवा कोडं क्लेव्हर असेल तर ती निखळ स्तुती आहे. माणसाला क्लेव्हर म्हटलं, की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. डॉ. जॉन्सननी १७५५च्या शब्दकोशातच हा शब्द हलक्या दर्जाचा ठरवला होता. त्यावरून बनलेली ‘क्लेव्हर क्लॉग्ज’, ‘क्लेव्हर डिक’ ही दूषणं शाळेच्या मैदानापासून कचेरीपर्यंत ऐकू येतात. ‘स्मार्ट’चा जुना अर्थ तर झोंबणं. निमंत्रणावर ‘स्मार्ट’ लिहिलं असेल तर ते कपड्यांबद्दल असतं. हुशार या अर्थानं तो शब्द अमेरिकेत जास्त चालतो. ‘शार्प’ माणूस चलाख, पण ‘शार्प प्रॅक्टिस’ म्हणजे जेमतेम कायद्यात बसणारी लबाडी. ‘कॅनी’ स्कॉटलंडमध्ये पैसा जपून वापरणारा, आणि न्यूकॅसलमध्ये नुसताच गोड स्वभावाचा.

या संशयाचं मूळ मला इथल्या वर्गव्यवस्थेत दिसतं. महागड्या निवासी शाळांतून राज्यकर्ते घडले ते बुद्धीपेक्षा ‘कॅरेक्टर’च्या नावानं. त्या वर्तुळातली खरी शाबासकी ‘साउंड’ ही. साउंड म्हणजे भरवशाचा, आपल्यातला. तो फार हुशार नसला तरी कुणाचं अडत नाही. ज्याच्या पाठीशी घराणं नाही त्यानं हुशारीवर वर यायचं, आणि वर आल्यावर ती फार दिसू द्यायची नाही.

‘ब्राइट’ हा शब्द मात्र नीट ऐकण्यासारखा आहे, कारण तो नेहमी वरून खाली येतो. शिक्षक मुलाला ब्राइट म्हणतात, साहेब नव्या उमेदवाराला म्हणतो. बरोबरीच्या प्रौढ माणसाला तसं म्हटलं तर तो दुखावेल. राजकारण्यांच्या तोंडी हा शब्द बहुधा ‘गरीब घरातलं ब्राइट मूल’ असाच येतो. श्रीमंत घरातल्या मुलाला तो लावायची गरजच कुणाला पडत नाही.

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडभर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा होऊ लागली. तिचं नावच ‘इलेव्हन प्लस’. जी पास झाली ती ग्रामर स्कूलमध्ये आणि पुढे विद्यापीठाच्या वाटेवर. उरलेली बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’मध्ये. म्हणजे एका परीक्षेवरून बहुसंख्य मुलांना ‘तू ब्राइट नाहीस’ असं सांगितलं गेलं, तेही अकरा वर्षांच्या वयात. पुढे दहा वर्षं उपपंतप्रधान राहिलेले जॉन प्रेस्कॉट या परीक्षेत नापास झाले होते आणि तो सल त्यांनी कधी लपवला नाही. १९५८मध्ये समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांनी ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे उपरोधिक पुस्तक लिहिलं ते याच व्यवस्थेला इशारा म्हणून. पुढाऱ्यांनी त्यातला ‘मेरिटॉक्रसी’, म्हणजे गुणवंतांची सत्ता, हा शब्द ध्येय म्हणून उचलला, याचं यंगना अखेरपर्यंत वाईट वाटलं. १९६५पासून मजूर सरकारनं ही विभागणी मोडायला सुरुवात केली, तरी इंग्लंडात आजही १६३ ग्रामर स्कूल्स आहेत. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. अकराव्या वर्षी मूल कसं दिसतं यावर त्याचं माप घेणं हा अन्याय आहे, मग त्या मापाला कितीही सुंदर नाव द्या.

आपल्याकडे ‘अभ्यासू’ ही स्तुती. इथे ‘स्वॉट’ म्हणजे घाम गाळून अभ्यास करणारा, आणि ती टवाळी आहे. गुण मिळावेत, पण सहज मिळाल्यासारखे. २०१९मध्ये संसद तहकूब करण्याचा वाद न्यायालयात गेला तेव्हा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा एक हस्तलिखित शेरा उघड झाला. त्यात त्यांनी माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांना ‘गर्ली स्वॉट’ म्हटलं होतं. मेहनतीची आणि मुलींची हेटाळणी एकाच फटक्यात.

याच देशानं एके काळी हुशारीची उघड क्रमवारी लावली होती, हेही सांगायला हवं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत प्रथम वर्गात येणारे ‘रँग्लर’ आणि त्यांतला पहिला ‘सीनियर रँग्लर’. हा मान १८९९मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीच्या रघुनाथ परांजप्यांनी जॉर्ज बर्टविसल यांच्यासह मिळवला आणि ‘रँग्लर’ ही मराठीत पदवी होऊन बसली. त्याआधी, १८९०मध्ये, न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांना सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण होते. पण बायकांना क्रम नव्हता, म्हणून त्यांच्या नावापुढे फक्त ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं जाहीर झालं. केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८मध्ये. क्रमानं नावं लावण्याची प्रथा १९०९मध्ये संपली.

वर्तमानपत्रांत शास्त्रज्ञ अजून ‘बॉफिन’ असतो. दुसऱ्या महायुद्धात रडारवर खपणाऱ्या संशोधकांना वैमानिकांनी प्रेमानं दिलेलं हे नाव. २०२३मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सनं ते टाकून द्या अशी मोहीम काढली, कारण त्यातून डोळ्यांसमोर येतो तो पांढऱ्या कोटातला विक्षिप्त पुरुष, आणि मग विज्ञान आपलं नव्हे असं मुलामुलींना वाटतं. मला ही मोहीम पटते. आपला ‘पंडित’ मात्र इथे सुखात आहे. फुटबॉलच्या सामन्यानंतर दूरचित्रवाणीवर जाणकारीनं बोलतो तो ‘पंडिट’.

स्लाव हे लंडनजवळचं गाव भारतीय कुटुंबांनी गजबजलेलं आहे आणि तिथे ग्रामर स्कूल्स आहेत. तिथल्या आईबापांना माझं एक सांगणं असतं. शाळेच्या अहवालात ‘हार्ड-वर्किंग’ वाचून लगेच सुखावू नका. कधीकधी त्याचा अर्थ, गुण कष्टाचे आहेत, बुद्धीचे नव्हेत, असाही असतो. शिक्षकांना सरळ विचारा, हिला यापुढे अवघड काय देणार? ब्राइट आहे का, हे विचारू नका. ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा सप्टेंबरात होते, निकाल ऑक्टोबरात हाती येतात आणि माध्यमिक शाळांचे अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात. हे बोलणं त्याच्या बरंच आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी झालेलं बरं.