खिल्लार घेताय? आधी गोठा बघा!

शनिवारी सकाळी इंदुरीवरून चाकणच्या दिशेनं जाणाऱ्या पिकअपमध्ये शिंगांची टोकं दिसायला लागली की समजायचं, आज बैलबाजार आहे. जत्रांचा हंगाम जवळ आला की मावळातल्या पोरांच्या स्टेटसवर घाट, गाडा आणि भंडारा सोडून दुसरं काही नसतं. मग डोक्यात किडा वळवळायला लागतो: आपलाही एक खिल्लार खोंड हवा. आजोबांच्या वेळी जिथं दावण होती, तिथं आता दोन बाइक उभ्या असतात. तुमच्याही घरी हेच चित्र असेल, तर जरा थांबून हे वाचा.

शर्यतींची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची वैद्यकीय तपासणी लागते आणि काठी-शॉक चालत नाही. या चर्चेत मागं राहतो तो २०१५ चा दुसरा कायदा, बैलांच्या कत्तलीवरच्या बंदीचा. खोंड घेताना तो दोन-अडीच वर्षांचा असतो. घाटात जोरात पळण्याची त्याची वर्षं मोजकीच. त्यानंतरही तो कितीतरी वर्षं जगतो, खातो, आजारी पडतो. शेतीला ट्रॅक्टर आलाय, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं अवघड. म्हणजे तो तुमच्याच दाव्याला राहणार. तुम्ही तेव्हा नोकरीसाठी हिंजवडीला असाल, नाहीतर बंगळुरूला.

खिल्लार मूळचा माणदेशाकडचा. सांगली, सातारा, सोलापूरच्या कोरड्या माळरानाचा. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि चिखल. ओल्या, शेणानं भरलेल्या जागेत खूर मऊ पडतात, कुजतात आणि बैल लंगडायला लागतो. म्हणून बैलाच्या आधी गोठा. जमिनीला उतार हवा, मूत्र वाहून जायला हवं, पत्रा गळता कामा नये. आणि खिल्लार गाय दुधाला बेताचीच, त्यामुळे ‘दुधावर खर्च निघेल’ हे घरच्यांना सांगू नका, पकडले जाल.

चाऱ्याचा हिशेब कॅलक्युलेटरवर करा. चारशे किलोंच्या जनावराला सुक्या मापात दिवसाला आठ-दहा किलो चारा लागतो. वर्षाला तीन टनांच्या आसपास. मावळात भाताचा पेंढा मिळतो, पण नुसत्या पेंढ्यावर अंग भरत नाही; कडबा, हिरवी वैरण, पेंड विकत आणावी लागते. सबमिशनच्या आठवड्यात पहाटे वैरण कोण टाकणार? बहुतेक घरांत याचं उत्तर ‘आई’ असतं. तिला विचारलंय का?

आता ज्याच्यावर जीव जडतो त्या शिंगांकडे येऊ. मुळाशी जवळजवळ, मागं जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली, टोकाला अणकुचीदार. बाजारात ती साळून, तेल लावून चकचकीत केलेली असतात. पण शिंग म्हणजे निर्जीव लाकूड नव्हे. आत हाड असतं, त्यात रक्त खेळतं आणि मोठ्या बैलात आतली पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. शिंग मुळाशी मोडलं तर रक्त थांबत नाही आणि जखम थेट डोक्यात चिघळते. लांब शिंगांच्या देशी बैलांना शिंगाचा कर्करोगही होतो, जास्त करून पाच ते दहा वर्षांच्या वयात. बैल सारखं डोकं झटकतो, एका नाकपुडीतून रक्त येतं, शिंग एका बाजूला झुकायला लागतं. हे दिसलं की हळद भरत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. पोळ्याला हिंगूळ जरूर लावा, शेंब्याही घाला, पण शिंग सारखं खोल साळू नका.

दातांवरून वय सांगतात हे ऐकलं असेल. दुधाचे सगळे दात असलेला आदत, पहिली जोडी बदलली की दुसा, मग चौसा, सहादाती आणि शेवटी जुळलेला. नवख्यानं आदत घेऊन त्याला माणसाळवणं चांगलं, असं माझं मत, गाडामालक हसतील. खिल्लार मुळात तापट. मागून जायचं नाही, आवाज देत खांद्याच्या बाजूनं जायचं आणि पहिले काही दिवस मित्रांची गर्दी, हॉर्न, सेल्फी बंद.

शिवाय आपल्याकडच्या घाटात गाड्याला चार बैल लागतात, जुकाटाला दोन आणि धुरेला दोन. एकट्याच्या एका खोंडानं गाडा होत नाही, इतरांशी जुळवून घ्यावंच लागतं. मग सुरुवातच तिथून का करू नये? ओळखीच्या गाडामालकाच्या गोठ्यात एक पावसाळा शेण काढा. दिवाळीपर्यंत टिकलात, तर त्यालाच सोबत घेऊन बाजारात जा. उपरण्याखाली बोटांनी सौदा कसा होतो ते पाहा, पण शब्द देण्याआधी खोंडाला कडक जमिनीवर चालवून बघा, चारही खूर उचलून बघा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर आणि बाजार समितीची पावती जुळतेय ना, हे तपासा. लाळ-खुरकूत आणि लम्पीची लस कधी झाली, तेही विचारा. आणि पिकअपमध्ये चढवायच्या आधी त्याला पोटभर पाणी पाजा.